काहील गप्प होते तेव्हा

खुर्सीपार, भिलाई
११ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप मामाजी,

एक नमस्कार तुमच्या पायांना, दुसरा तुमच्या गुळाच्या काहिलीला. काहिलीला आधी करणार होतो, पण तुम्ही म्हणाल, जवाई सासऱ्यापेक्षा गुळाकडे जास्त बघतो. म्हणालात तर ते खोटंही नाही.

दिवाळीनंतर मी मथुरेला आणि जयेला न्यायला आलो होतो, त्या दिवशीचं तुमचं बोलणं अजून कानात आहे. चुलवणापुढे मला उभं केलंत आणि घाण्यावरच्या सगळ्या गड्यांच्या देखत म्हणालात, "जवाईबापू, तुमच्या भिलाईत काय पिकते? लोखंड! माही नात काय खिळे चाटून मोठी होईन? आमच्या घरची रीत आहे. लेकराच्या जिभेवर पयलं गोड बापाच्या हातचं. तुमच्या हातानं, तुमच्या चुलीवर लाल साखर पडू द्या. मंग खुशाल न्या माह्या लेकीले."

मी मान डोलावली आणि रिकामाच गाडीत बसलो. शेजारी एक बाई पोराला थोपटत होती. सौंदडपासून दुर्गपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत आलो.

रीत मला मान्य आहे. तुम्हा गुळव्यांच्या घरात लग्न केलं तेव्हाच ती पदरात पडली. पण मामाजी, माझा कान जरा तिखट आहे हे तुम्हीच चारचौघांत सांगता. मथुरेच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं ही रीत तुमच्याच काहिलीवर पुरी केली. तुम्ही त्याचा हात धरून दांडा फिरवलात आणि साखर पडली. 'तुमच्या चुलीवर' हे दोन शब्द तेव्हा नव्हते. माझ्या वाट्याला ते कुठून आले, हे मी विचारत नाही. फक्त ऐकू आले, एवढं लिहितो.

तर मी करून दाखवतो. तीन वर्षांमागं इथं आलो तेव्हा डोक्यावर विटा वाहत होतो. मग दोरखंडानं लोखंडाचे गर्डर ओढणारा खलाशी झालो. आज माझी स्वतःची चहाची टपरी आहे आणि चार देशांची माणसं माझ्या बाकावर बसून एकमेकांना न कळणाऱ्या भाषेत माझ्याच चहाला नावं ठेवतात. रशियन साहेब दूध घालू देत नाही, पंजाबी मिस्त्री पाणी घालू देत नाही. मी दोघांना खूश ठेवतो. मग साखरेला काय भितो?

मथुरा इथं ठेवून गेली ती काकवीची बरणी अजून खोलीत आहे. तळाशी थोडी उरली आहे. त्यातूनच सुरुवात करतो. जयेच्या गालाला माझ्याकडून बोट लावा. मेव्हण्याला, देवानंदाला सांगा, बैलांना फार दामटू नको.

आपला जवाई
केवलराम

*

खुर्सीपार
१५ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप मामाजी,

इथं या महिन्यात पहिली भट्टी सुरू झाली. आता संध्याकाळी आभाळाचा एक कोपरा लाल होतो आणि आमच्या कोंबड्या गोंधळून पुन्हा खुराड्याबाहेर येतात. पण तुम्हाला भट्टीचं काय कौतुक? तुमचं चुलवण तिच्या आजोबांच्या वयाचं.

माझ्या साखरेची गोष्ट तुम्हाला शेषरावानं सांगितलीच असेल. रेल्वेतला गार्ड माणूस, त्याच्या पोटात गाडीच्या शिट्टीइतकीसुद्धा गोष्ट राहत नाही. तरी माझ्या तोंडून ऐका.

परातीत रेशनची पांढरी साखर घेतली. मथुरेच्या बरणीतली काकवी बारीक धार धरून वर सोडली आणि दोन्ही हातांनी चोळत बसलो. आधी नुसते गोळे झाले. मग हळूहळू रंग चढला आणि ओल्या वाळूसारखी झाली. वास असा सुटला की डोळे मिटले तर तुमच्या पडवीत बसल्यासारखं वाटावं. शेजारच्या सत्यभामाबाई वासावरच आल्या. चिमूट तोंडात टाकून म्हणाल्या, "अवं बाई! रंगानं तं पक्की गुऱ्हाळातलीच दिसते."

मी फुगलो. पुडी बांधून शेषरावाबरोबर तुमच्याकडे धाडली.

काल तो परत आला. टपरीवर बसून, मांडी घालून, तुमचा आवाज काढून त्यानं सगळं करून दाखवलं. तुम्ही चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बाजूला थुंकलात आणि म्हणालात, "ही साखर नाही गा. मडमेले लुगडं नेसवलं आहे. पदर सरकला का गोरी दिसते."

मामाजी, सगळी टपरी हसली. न समजता रशियन साहेबसुद्धा हसला. मी सर्वांत जास्त हसलो, कारण बोललात ते खरं होतं. साखर दुसऱ्यानं केलेली, मी फक्त रंगवली. बापाच्या हातचं गोड त्याला म्हणता येत नाही.

डबाभर काकवी आणि गुळाची एक भेली पाठवलीत, त्याबद्दल काय लिहू? मला हरवायचं असतं तर काकवी पाठवली नसती. आता ती आटवून लाल साखर पाडतो.

शेषराव आणखी एक सांगत होता. त्यानं तुमच्याकडे प्यायला पाणी मागितलं तर तुम्ही म्हणालात, "बैल? बैल बरे आहेत." तो म्हणतो, गुळाच्या दिवसांत म्हाताऱ्याचं ध्यान दुसरीकडे नसते. आणि म्हणाला, तुमची बापलेकीची जोडी बघण्यासारखी आहे. जयेला मांडीवर घेऊन मथुरा काहिलीशेजारी बसते. ती तुमच्या खांद्याला हात लावते आणि तुम्ही "उतरवा!" म्हणून हाळी देता. आठ-दहा दिवस ती तापानं पडून होती तेव्हा तुम्ही एकटेच बसायचात, तेही त्यानं सांगितलं. तिचा ताप उतरला ना? मला कुणी कळवलं नाही. तुम्ही कळवलंत असं समजून मी रागावत नाही.

आपला
केवलराम

*

खुर्सीपार
१ मार्च १९५९

तीर्थस्वरूप मामाजी,

हरलो. या खेपेला पुरता हरलो.

कोळशाची शेगडी पेटवली, लोखंडी कढईत तुमची काकवी ओतली आणि तुम्ही शिकवलं तसं बसलो. तुम्ही म्हणायचात, वाफेत डोळ्याला काही दिसत नाही, गुळव्याचा कानच खरा. आधी खळखळ, मग फसफस, मग जड भदभद. आणि मग एक क्षण काहील गप्प होते. त्या क्षणी उतरवायची. आधी उतरवली तर चिकट राहते, नंतर उतरवली तर जळते.

सगळं पाठ होतं. पण माझ्या खोलीमागं गिट्टी फोडायचं मशीन बसवलं आहे, ते तुम्हाला कुठं माहीत? दिवसभर घडघड. कढईत कान घालायचाच तेवढा बाकी होता. खळखळ कळली, फसफस कळली, पुढं मशीन बोलत राहिलं आणि कढई कधी गप्प झाली ते मला समजलंच नाही.

जे निघालं ते काळं, काचेसारखं आणि कडू. आमच्या टपरीवर पंजाबराव म्हणून म्हातारे फिटर येतात. त्यांनी ते हातोडीनं फोडून पाहिलं आणि म्हणाले, "केवलराम, रस्त्यात टाका. इंजिनिअर साहेब खूश होईन, अशी गिट्टी त्याले मिळाली नाही."

कढई अजून भिजत पडली आहे. तुमची भेली मात्र उत्तम होती. सर्वांना एकेक खडा दिला.

थोडी काकवी डब्यात शिल्लक आहे. एकदाच पुरेल.

आपला
केवलराम

*

खुर्सीपार
१ मार्च

मथुरे,

हा कागद शेषराव तुझ्या हातात देईल. मामाजींना दाखवू नको. चुलीत घालशील तरी चालेल.

त्यांच्या पत्रात भेली उत्तम म्हणून लिहिलं. ती उत्तम नव्हती. जिभेवर आधी गोड आणि मग जळका कडूपणा होता. मी स्वतःची कढई जाळली त्याच दिवशी ती चव पुन्हा चाखली आणि मला कळलं, हा तोच दोष आहे. काहील गप्प झाली आणि कुणी उतरवली नाही. ती भेली तू तापानं पडली होतीस त्या दिवसांतली. हो ना?

मग बाकीचं आपोआप जुळलं. पाणी मागितलं तर बैल. तुझा हात खांद्यावर आला की मग "उतरवा". आणि रीतीला जोडलेले ते दोन शब्द, 'तुमच्या चुलीवर'. म्हातारा मला हरवत नव्हता. म्हातारा तुला सोडू शकत नव्हता.

मामाजींना ऐकू येत नाही. केव्हापासून गं?

तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. बापाचं झाकलंस. गुळव्याचा कान गेला म्हणून बोंब झाली तर पंचक्रोशीतला ऊस दुसऱ्या गुऱ्हाळावर जाईल, आणि ऊस गेला की मामाजी खाटेवरून उठणार नाहीत, हे मलाही कळतं. देवानंद बैल चांगले हाकतो, पण काहिलीपुढे त्याचा कान दगडाचा आहे. म्हणून तू बसलीस. ताप उतरल्या उतरल्या पोरीला मांडीवर घेऊन पुन्हा धुरात बसलीस.

तू ये म्हणून मी हट्ट धरत नाही. येऊ नको असंही म्हणवत नाही. सत्यभामाबाईंनी दोरीवर टाकलेलं लुगडं वाऱ्यानं माझ्या दारापुढं आलं की मी उगाच उठून बघतो. परवा तर टपरीवर "मथुरे, कप विसळून घे" असं मोठ्यानं तोंडातून गेलं. पंजाबराव म्हणाले, "मी मथुरा नोहो, पण आणा, विसळतो."

याच पंजाबरावांकडून एक युक्ती मिळाली आहे. हा माणूस तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात बॉयलरच्या आत बसून रिवेट ठोकायचा. कान तिथंच गेले, आता ओरडून बोललं तरच कळतं. पण भिलाईत पंप बिघडला की सगळे त्यालाच बोलावतात. तो लांब पाना घेतो, एक टोक पंपाला लावतो आणि दुसरं आपल्या जबड्याच्या हाडाला. डोळे मिटतो आणि सांगतो, "आतली बेअरिंगची गोळी फुटली." मी ओरडून विचारलं, "ऐकू कसं येते तुमाले?" म्हणाला, "कान नाटकी असते गा. हाड खोटं बोलत नाही."

मी त्याची युक्ती आधी माझ्या कढईवर करून बघतो. जमलं तर मामाजींना लिहितो, पण त्यांच्या कानाबद्दल अक्षर लिहिणार नाही. तू फक्त काही माहीत नसल्यासारखी बस. ते तुला छान जमतं, हे आता कळलं.

जयेला पापा. तिला माझा वास आठवतो का? की आता धुराचाच बाप समजते?

तुझा
केवल

*

खुर्सीपार
१६ मार्च १९५९

तीर्थस्वरूप मामाजी,

सोबतची पुडी सावकाश उघडा. या वेळी मडम नाही.

कशी पडली ते सांगतो. हसायचं असेल तर हसा. गिट्टीचं मशीन काही माझ्यासाठी थांबत नाही, म्हणून मला कढई ऐकू येत नव्हती. कान असून बहिरा झालो होतो. मग आमच्या पंजाबरावांचं बघून एक पोरकट उद्योग केला. ढवळायच्या दांड्याचं एक टोक कढईच्या तळाला टेकवलं आणि दुसरं खालच्या जबड्याला, दाढेच्या जवळ. आणि दात घट्ट मिटले.

मामाजी, कढई माझ्या डोक्यात बोलायला लागली! आधी हाडातून मुंग्या चालल्यासारखं. मग डबक्यात बेडकं उड्या मारतात तसं. मग म्हैस चिखलातून पाय उपसत चालते तसं जड, सावकाश. आणि मग एकाएकी म्हैस थांबली. मी कढई उतरवली. मशीन तिकडं घडघड करत होतं आणि मी इकडं शांतता ऐकली, असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण तसंच झालं.

मग लाकडी काथवटीत ओतून घोटत बसलो. घोटता घोटता पाक घट्ट झाला, फिका पडला, रवाळ झाला. गरम असतानाच तळहातांनी चोळला. तळहातांना फोड आले आहेत, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. साखर मात्र सरळ आहे.

एक विनंती. तुम्हाला असल्या युक्तीची गरज नाही, तुमचा कान सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पण मला खात्री करून हवी आहे. माझ्या शेगडीवर जे कळलं ते मोठ्या काहिलीवरही कळतं का? का माझा भास? हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरा जाणता माणूस नाही. एकदा माझ्यासाठी दांडा जबड्याला लावून बघा. बाभळीचा घ्या, लांब आणि सुका. मी चिंचेचा घेतला होता, तो ओलसर निघाला आणि आवाज खात होता. गडी जेवायला गेले की बघितलंत तरी चालेल. जवाईच्या खुळेपणापायी चारचौघांत तुमचं हसू नको.

साखरेचा निकाल कळवा. तुम्ही थुंकलात तर पुन्हा करीन. काकवी मात्र पाठवावी लागेल.

आपला
केवलराम

*

खुर्सीपार
१२ एप्रिल १९५९

तीर्थस्वरूप मामाजी,

मंडळी सुखरूप पोचली. शेषरावानं त्यांना गार्डच्या डब्याशेजारीच जागा करून दिली होती. जया वाटेत त्याची हिरवी झेंडी चावत आली. इथं उतरल्यावर मला बघून तिनं असं भोकाड पसरलं की गिट्टीचं मशीनही लाजलं. दुपारपर्यंत ती माझ्याकडे आईच्या खांद्याआडून बघत होती. संध्याकाळी तिनं माझी मिशी धरली. अजून सोडलेली नाही, एका हातानं लिहितो आहे.

तुम्ही पत्र लिहिलं नाहीत. तुमचा निरोप मथुरेनं दिला: "साखर बरी आहे. दाणा जाड आहे." मामाजी, हे वाक्य मी चौकटीत घालून टपरीवर टांगणार आहे.

बाकीचं मला तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. माझं पत्र तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि "जवाई खुळा झाला" म्हणून वळचणीला खोचलंत. दुसऱ्या दिवशी तिला म्हणालात, जा, वाडीतून कोथिंबीर आण. कोथिंबीर घरात होती. ती तरी गेली. परत आली तर काहिलीजवळ तुम्ही एकटे, हातात नवा बाभळीचा दांडा आणि तो जबड्याला टेकवलेला. डोळे मिटलेले. ती म्हणते, तुमच्या तोंडावर असं काही होतं की ती बांधावरच थांबली. खूप दिवसांनी कुणी ओळखीचं माणूस दारात यावं तसं.

मग देवानंद आला आणि ओरडला, "बाबा, काय झालं? असा दांडा कावून लावून राहिले?"

आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "दाढ दुखून राहिली. दांडा ऊन आहे, शेक बसते."

तेव्हापासून तुमची दाढ रोज दुखते, पण फक्त गूळ आटवतानाच, असं ऐकतो.

मथुरा सांगते, त्यानंतर ती नेहमीसारखी शेजारी बसायची. काहील गप्प झाली की तुमच्या खांद्याकडे हात न्यायची. पण हात पोचायच्या आत तुम्ही "उतरवा!" म्हणायचात. एक दिवस असं झालं, दुसऱ्या दिवशीही झालं. शेवटी मागं वळून न बघता तुम्ही म्हणालात, "आता काहाले बसली येथं धुरात? जवाईनं साखर पाडली ना? सामान बांध."

ती म्हणते, तेव्हा ती आधी रडली आणि मग सामान बांधलं. मी म्हटलं, उलटं करायचं होतं, गाडी लवकर मिळाली असती.

तुम्ही दिलेली भेली काल फोडली. टण् वाजली. जिभेवर ठेवली आणि शेवटपर्यंत वाट पाहिली. कडूपणा आलाच नाही. पंजाबरावांनाही खडा दिला. त्यांनी तो दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे करणारा माणूस आपल्यातला दिसते." मी म्हटलं, हो, माझे सासरे आहेत. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. उन्हाळ्यात घाणा बंद झाला की या. इथं भट्टीजवळ काम करणारी सगळी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. हळू बोलणाऱ्या माणसाला इथं संशयास्पद समजतात. तुम्हाला गाव आवडेल.

आज सकाळी जयेच्या जिभेवर साखर ठेवली. माझ्या हातची, माझ्या चुलीवरची, तुमच्या उसाची. तिनं आधी तोंड वाकडं केलं, तुमच्यासारखंच, आणि मला वाटलं, आता थुंकते. मग तिनं ओठ मिटले. मग माझं बोटच धरून चोखत बसली. मथुरा पदराआड हसत होती की रडत होती, ते मी तिखट कान असूनही ओळखू शकलो नाही.

रीत पुरी झाली, मामाजी.

सत्यभामाबाईंना मथुरेनं तुमच्या दाढेचं सांगितलं. त्यांनी लगेच लवंगेच्या तेलाची बाटली दिली, ती शेषरावाबरोबर पाठवतो. लावायची गरज नाही. काहिलीजवळच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवा.

आपला
केवलराम